सामाईक विहीर चालते, मग सामाईक वायरलेस का नको?



भावाभावांत वाटण्या झाल्या की बांध पडतात, चुली वेगळ्या होतात. पण विहीर बहुतेक घरांत सामाईकच राहते. सातबाऱ्यावर हिस्सा लागतो, पाळ्या ठरतात, वीजबिलावरून कधी तोंडातोंडी होते, तरी पाणी सगळ्यांना मिळतं. जिथे तेवढीही समजूत नसते तिथे चार भाऊ चार बोअर घेतात. एकाचा बोअर दुसऱ्याचं पाणी ओढतो आणि मार्च उजाडला की चारही कोरडे. पैसा चौपट गेला, पिकं मात्र तशीच वाळली.

संकटाचा निरोप गावापर्यंत पोहोचवण्याचं काम आपल्याकडे असंच चार बोअरवर चाललंय. पोलिसांचं वायरलेस वेगळं, धरणावरच्या माणसाचा निरोप वेगळ्या वाटेने, महसूलचा व्हॉट्सॲप ग्रुप तिसराच, वन खात्याचं आणखी निराळं. प्रत्येकाकडे काहीतरी आहे. पण रात्री अकरा वाजता नाल्याला पूर आला तर वरच्या गावाने खालच्या गावाला कसं सांगायचं, याचं उत्तर कुणाकडेच नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. सप्टेंबर २०२५ मधली अतिवृष्टी आपण कुणीच विसरलेलो नाही. त्या पावसात एका रात्री सव्वाअकराच्या सुमारास मला फोन आला. वरच्या अंगाच्या गावातला एक शेतकरी सांगत होता, "साहेब, तलावाचा सांडवा लई जोरात सुटलाय. खालच्या वस्तीला सांगा." त्याच्याकडे माझा नंबर होता, कारण बियाण्याच्या परमिटसाठी तो मला फोन करायचा. खालच्या गावातला कुणाचाच नंबर त्याच्याकडे नव्हता. मी सरपंचांना फोन लावला, संपर्क क्षेत्राबाहेर. पोलीस पाटलांना लावला, बंद. एका कार्यालयाचा फोन वाजत राहिला. दुसऱ्या ठिकाणी उचलला, पण उत्तर मिळालं, "तो तलाव आमच्याकडे येत नाही." तोवर दीड तास गेला होता. दोन्ही गावांत अंतर जेमतेम पाच किलोमीटर. पाणी दीड तासात पोहोचलं, निरोप सकाळी सात वाजता.

माणसं वाचली, कारण कुत्री भुंकायला लागली म्हणून ती जागी झाली. दावणीला बांधलेल्या दोन म्हशी आणि एक वासरू गेलं. पंचनाम्याच्या वेळी गोठ्यापाशी बसलेले बाबा म्हणाले, "साहेब, पाणी आलं त्याचं एवढं वाईट नाही वाटत. वरच्या गावाला ठाऊक होतं अन् आम्हाला नव्हतं, त्याचं वाईट वाटतं." यात माझाही दोष आहे. ती वस्ती माझ्या कार्यक्षेत्रात होती आणि तिथल्या एकाही माणसाचा नंबर माझ्या वहीत नव्हता.

पाण्याला शीव नसते, खात्याला असते

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला गोदावरी. नाशिककडे गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सुटलं की ते नांदूर मधमेश्वरवरून खाली येतं, वैजापूर तालुक्यात नागमठाणला मोजलं जातं, मग गंगापूर तालुक्याच्या काठाने नाथसागरात उतरतं. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की खाली एका बाजूला बीड आणि दुसऱ्या बाजूला जालना जिल्हा लागतो, पुढे परभणी, नांदेड. एकाच पाण्याची खबर इतक्या जिल्ह्यांना, दोन महसूल विभागांना आणि जलसंपदा, पोलीस, महसूल अशा सगळ्या खात्यांना वेळेत मिळावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि पैठण शहरात पूर शिरला. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा मोठा विसर्ग झाला आणि काठावरची माणसं हलवावी लागली. मोठ्या धरणाची बातमी निदान रेडिओ-टीव्हीवर येते. आपल्या पाझर तलावाची, कोल्हापुरी बंधाऱ्याची, नाल्याची बातमी कोण देणार?

आता उत्तरेला चला. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, गाड्या अडकल्या, धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. त्याच पावसाने खाली चाळीसगाव तालुक्यात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, घरं गेली, शेकडो जनावरं वाहून गेली. तो घाट कुणाचा? वरची बाजू कन्नड तालुक्याची, खालची चाळीसगावची. एक जिल्हा छत्रपती संभाजीनगर, दुसरा जळगाव. महसूल विभागही दोन. जंगल गौताळा अभयारण्याचं, रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. अशा ठिकाणी दरड पडली तर पोलीस, महसूल, वन, महामार्ग आणि १०८ ची रुग्णवाहिका, एवढ्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. एकाच वेळी, एकाच आवाजात. प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर दुसऱ्याला शोधत बसायचं, ही काही व्यवस्था नव्हे.

समृद्धी महामार्गाचंही तेच. दहा जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ याच रस्त्यावर झालेल्या अपघातात बारा जणांचा जीव गेला. अशा वेळी पहिली धाव शेजारच्या शेतातल्या माणसाची असते. त्याने नेमकं कुणाला सांगायचं, हे त्याला माहीत पाहिजे.

'मोबाईल आहे की!'

कुणी म्हणेल, घरटी दोन मोबाईल आहेत, वायरलेसचं जुनं खूळ कशाला? बरोबर आहे. मोबाईलने खूप सोय झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं. २० जुलै २०२३ ला अनेकांचे फोन एकदम कर्कश वाजले, लोक घाबरले. ती केंद्राच्या आपत्कालीन संदेशाची चाचणी होती. ११२ नंबर फिरवला की मदत निघते. राज्यात अनेक जिल्ह्यांत 'ग्रामसुरक्षा यंत्रणा' आहे. एका टोल-फ्री नंबरवर बोललं की तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर कॉल म्हणून जातो. चोर आले, बिबट्या आला, आग लागली, की सगळं गाव जागं होतं. ज्या गावांनी ही यंत्रणा अजून घेतलेली नाही, त्यांनी आधी ती घ्यावी.

पण हे सगळे उपाय एकाच खुंटीला टांगलेत, ती म्हणजे मोबाईलचा टॉवर. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, मग जनरेटर, आणि डिझेल संपलं की टॉवर मुका. आपल्याकडे वादळी पावसात पहिली वीज जाते हे सांगायला नको. टॉवर चालू असला तरी संकटाच्या वेळी सगळे एकदम फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही. यात्रेच्या गर्दीत आपण हे दरवर्षी पाहतो. सोयगाव, कन्नड, सिल्लोडच्या डोंगरकपारीतल्या वस्त्यांना तर एरवीच रेंज शोधायला टेकाडावर चढावं लागतं.

शिवाय मोबाईलवर येणारी सूचना एकतर्फी असते. वरून खाली येते. खालच्या माणसाने वर सांगायचं कसं? "पुलावरून पाणी चाललंय, एसटी पाठवू नका" हे ज्याने पाहिलं, त्याचं म्हणणं आगारात, पोलीस ठाण्यात आणि तहसीलला एकाच वेळी गेलं पाहिजे.

सामाईक जाळं म्हणजे काय?

मी कृषी पदविकेचा माणूस, वायरलेस इंजिनियर नव्हे. पण जेवढं समजून घेतलं ते साध्या भाषेत सांगतो. हातातल्या सेटचा आवाज सपाट रानात चार-पाच किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला की अडतो. म्हणून उंच जागेवर एक यंत्र बसवतात, त्याला रिपीटर म्हणतात. आपण दिलेली हाळी तो ऐकतो आणि पुन्हा मोठ्याने पुढे देतो. म्हैसमाळला दूरदर्शनचा मनोरा का उभारला? उंचीमुळेच. अशा मोजक्या उंच जागा निवडल्या आणि त्यांवर सौर पॅनेल व बॅटरीसह रिपीटर बसवले तर तालुकेच्या तालुके एका आवाजात येतात. मोबाईल कंपनीचा टॉवर पडो की राहो.

आता प्रत्येक खात्याने आपापला मनोरा, आपापला रिपीटर, आपापला दुरुस्तीवाला ठेवायचा, की सगळ्यांनी मिळून एक चांगलं जाळं करायचं? जाळं एक केलं म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी ओरडायचं असं नाही. नव्या पद्धतीच्या जाळ्यात गट पाडता येतात. पोलिसांचा गट बंद, त्यांचं बोलणं त्यांच्यातच. रुग्णवाहिकेचा वेगळा, धरणाचा वेगळा. मात्र एक गट सगळ्यांचा, फक्त संकटासाठी. पाट एकच, चाऱ्या वेगळ्या. ज्याची गरज मोठी त्याला आधी पाळी, हेही यंत्रच ठरवतं.

हे नवीन नाही. फिनलंडमध्ये २००२ पासून पोलीस, अग्निशमन, आरोग्य, सीमारक्षक आणि लष्कर एकाच सामाईक वायरलेस जाळ्यावर काम करतात. थोडी लोकवस्ती, लांब अंतरं, जंगल. प्रत्येक खात्याचं वेगळं जाळं परवडणार नाही हे त्यांनी वेळेत ओळखलं. अमेरिकेला मात्र ठेच लागल्यावर शहाणपण आलं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर हल्ला झाला. पहिला मनोरा पडला होता, दुसराही पडण्याच्या बेतात असल्याचं पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होतं. तो इशारा पोलिसांच्या वायरलेसवर गेला. अग्निशमन दलाचं वायरलेस वेगळं होतं. त्या दिवशी त्या दलाचे ३४३ जवान गेले. सगळ्यांसाठी एक देशव्यापी जाळं करायचा कायदा व्हायला तिथेही २०१२ उजाडलं.

आपल्या देशातही हे कुणी म्हटलेलं नाही असं नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जून २०१८ मध्ये याच विषयावर केंद्राला शिफारशी दिल्या. देशात सुरक्षा आणि मदतकार्याची वायरलेस जाळी खात्यागणिक वेगळी आहेत, ती एकमेकांशी बोलू शकत नाहीत, म्हणून नव्या पद्धतीचं सामाईक जाळं करा, असा त्याचा मथितार्थ. शिफारस दिल्लीत आहे आणि आपला नाला इथे आहे. मधलं अंतर आपणच मागणी करून कमी करायचं आहे.

किल्लारीचा धडा अर्धाच शिकलो

मराठवाड्याला तर हे सांगायलाच नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं गेली. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा केला. मंत्रालय, विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी कार्यालयात नियंत्रण कक्ष आले. त्यांना उपग्रह आणि वायरलेसने जोडण्याचं काम हाती घेतलं गेलं. पुढे २००५ मध्ये केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. म्हणजे वरच्या मजल्याचं बांधकाम झालं. पण जिना खाली गावापर्यंत आला का? माझ्या कार्यक्षेत्रातल्या एकाही ग्रामपंचायतीत मी वायरलेस सेट पाहिलेला नाही. शेवटचे पाच किलोमीटर अजून कोतवालाच्या पायावर आणि कुणाच्या तरी मोबाईलच्या चार्जिंगवर आहेत.

शंका रास्त आहेत

पहिली शंका पैशाची. जाळ्याला खर्च आहेच. पण प्रत्येक खात्याने वेगळं करण्यापेक्षा सामाईक स्वस्त पडतं, हे शेतकऱ्याला कागदावर मांडून दाखवावं लागत नाही. खरी अडचण पैशाची नाही, हिश्श्याची आहे. बिल कोण भरणार, बॅटरी कोण बदलणार, रात्री दुरुस्तीला डोंगरावर कोण चढणार? सामाईक विहिरीवरची भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात. म्हणून यंत्र घेण्याआधी हिस्सेपत्रक लिहून काढा. विहिरीचा गाळ काढायचा कुणी हे ठरलेलं नसेल, तर दहा वर्षांनी ती विहीर कुणाचीच नसते.

दुसरी शंका अफवांची. गावोगावी सेट दिले तर कुणीही उठून काहीही बोलेल. ही भीती खरी आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. तेव्हा मोबाईलवरच्या अफवांनी आधीच रान पेटवलं होतं. जुलै २०२४ मध्ये आपल्या भागात रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने गावंच्या गावं जागी राहिली. पण विचार करा, अफवा कशावर पसरली? जिथे कुणीही टाकावं आणि कुणीही पुढे ढकलावं अशा ग्रुपवर. सामाईक जाळ्यावर सेट कुणाचा, बोलला कोण, किती वाजता, याची नोंद राहते. गावात सेट पोलीस पाटलाकडे किंवा ग्रामपंचायतीत असेल, दहा जणांच्या खिशात नसेल. "असं काही नाही, झोपा" हे सांगायलाही भरवशाचा एक आवाज लागतो.

तिसरी शंका, पोलिसांचं गुपित फुटेल. गट वेगळे ठेवता येतात, हे वर सांगितलंच. चोराच्या मागावरचं बोलणं कुणी मागत नाही. आपण मागतोय ते पुराचं, आगीचं, विजेचं, अपघाताचं बोलणं.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. हा लेख वाचून कुणी सरपंच उत्साहाने बाजारातून वॉकीटॉकी आणायला जाऊ नका. वायरलेसला केंद्राच्या दूरसंचार विभागाचे परवान्याचे नियम आहेत, तरंगलांबी ठरवून मिळते. वाटेल तो सेट वाटेल त्या तरंगलांबीवर चालवणं गुन्हा ठरू शकतो. आणि गावागणिक वेगळे सेट आले की पुन्हा तेच चार बोअर.

मग करायचं काय?

मोठं काम सरकारचं आहे, पण ते मागावं लागतं. कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. मागणी तिथे गेली पाहिजे, आणि ती एका जिल्ह्यापुरती नको. गोदाकाठचे जिल्हे आणि घाटाखालचा जळगाव धरून विभागाच्या पातळीवर एकच आराखडा व्हावा. आपल्या जिल्ह्याने चांगलं जाळं केलं आणि जालन्याने दुसऱ्या जातीचं घेतलं, तर पैठण आणि अंबड नदीच्या एकाच काठावर असूनही मुके राहतील.

तोवर गावाने करायच्या गोष्टी बिनखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या आहेत.

पहिली, जोडगाव ठरवा. प्रत्येक नाल्यावर, ओढ्यावर वरचं गाव कोणतं आणि खालचं कोणतं, हे लिहून काढा. दोन्ही गावांतल्या पाच-पाच माणसांचे नंबर एकमेकांच्या ग्रामपंचायतीत भिंतीवर रंगवा. त्यात शेतवस्तीवर राहणारा एक तरी माणूस हवाच. माझी चूक इथेच झाली होती.

दुसरी, ग्रामपंचायतीच्या भोंग्याला बॅटरी किंवा सौर पॅनेल जोडा. वीज गेल्यावर मुका होणारा भोंगा संकटात काय कामाचा? देवळाचा आणि मशिदीचा भोंगाही अशा वेळी वापरायचा, हे आधीच बसून ठरवा.

तिसरी, ग्रामसुरक्षा यंत्रणेत नोंद करा. ज्यांनी केली आहे त्यांनी नंबर तपासा. मेलेल्या माणसाचे आणि बदलून गेलेल्या नोकरदारांचे नंबर काढून टाका.

चौथी, जूनच्या आधी एकदा रंगीत तालीम करा. संध्याकाळी ठरवून मोबाईल बंद ठेवा आणि वरच्या गावाचा निरोप खालच्या शेवटच्या वस्तीवर किती वेळात जातो ते घड्याळ लावून बघा. जो वेळ लागेल तो ठरावात लिहा. जिल्ह्याच्या कार्यालयात असा लिहिलेला आकडा नुसत्या तक्रारीपेक्षा जास्त चालतो.

आमच्या लोकांनीही काही करायला हवं. तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही कृषीवाले. नावं आता बदलली, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी झाली, पण पावसात लोक पहिला फोन आम्हालाच करतात. तालुक्यात निदान एक सामाईक यादी हवी, की कोणता तलाव कुणाकडे, रात्री कोण फोन उचलणार. २०१७ पासून 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळात पाऊस मोजतात. ते आकडे पीक विम्यासाठी आपण हिरिरीने काढतो. तोच आकडा रात्री दहा वाजता खालच्या मंडळाला सांगायला काय हरकत आहे? "तो तलाव आमच्याकडे येत नाही" हे उत्तर रात्री अकरा वाजता कुणी कुणाला देऊ नये. तलाव कुणाचाही असो, निरोप घ्यायचा आणि पुढे द्यायचा, एवढा नियम झाला तरी निम्मं काम झालं.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. सामाईक वायरलेस जाळ्याची मागणी आणि तालमीत लागलेला वेळ, दोन्ही एकाच ठरावात टाका. एक प्रत तहसीलला, एक पंचायत समितीला, एक जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका. पावसाळ्यात मी त्या बाबांच्या वस्तीवर पुन्हा जाणार आहे. त्यांनी नवी म्हैस घेतली आहे. या खेपेला वरच्या गावाला जे ठाऊक असेल ते त्यांनाही वेळेत कळावं, एवढंच माझं मागणं आहे.